कन्हैयालाल मुन्शी : बोलारमचे आठ महिने



दर वर्षी जुलै महिन्यात आपल्या शाळेत वनमहोत्सव साजरा होतो. हा उत्सव १९५० साली देशात ज्यांनी सुरू केला, ते तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल माणेकलाल मुन्शी. पण मुन्शीजींचा आपल्या भागाशी संबंध या झाडांच्याही आधीचा आहे, आणि तो फार थोड्यांना ज्ञात आहे. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देण्याचे आम्ही ठरविले.

मुन्शीजींचा जन्म ३० डिसेंबर १८८७ रोजी गुजरातमधील भरूच येथे झाला. बडोदा कॉलेजात अरविंद घोष त्यांचे प्राध्यापक होते. पुढे मुंबई हायकोर्टात ते नामांकित वकील झाले. गुजराती भाषेत त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. आम्ही त्यांची ‘जय सोमनाथ’ हिंदी अनुवादातून वाचली आहे. मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले, १९३७ साली मुंबई प्रांताचे गृहमंत्री झाले आणि १९३८ साली त्यांनी भारतीय विद्या भवन स्थापन केले. एवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांची खरी कसोटी साठी उलटल्यावर लागली.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण आपला आदिलाबाद जिल्हा झाला नाही. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या वेळी किनवट आणि राजुरा हे तालुकेही आपल्याच जिल्ह्यात होते. निजामाला भारतात विलीन व्हायचे नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता. दुसरीकडे लातूरचा वकील कासीम रझवी याचे रझाकार गावोगावी दहशत माजवीत होते. या स्थितीत २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. त्यात अवघी पाच कलमे होती. एका कलमाने दोघांनी एकमेकांकडे आपला प्रतिनिधी ठेवायचा होता. दुसऱ्या कलमाने वाद झाल्यास लवादाकडे जायचे होते.

भारताचे प्रतिनिधी, म्हणजे एजंट जनरल, म्हणून सरदार पटेलांनी मुन्शीजींना पाठविले. जानेवारी १९४८ च्या आरंभी ते हैदराबादला पोहोचले. तेथे पहिला वाद राहण्याच्या जागेवरूनच झाला. इंग्रजांचा रेसिडेंट जेथे राहत असे तेथे भारताचा माणूस राहावा, हे निजाम सरकारला मान्य नव्हते. त्यांच्या मते मुन्शी हे फक्त व्यापारी प्रतिनिधी होते. शेवटी बोलारम येथे भारतीय लष्कराच्या ताब्यातील इमारतीत त्यांची सोय झाली. थोड्याच दिवसांत, ठरल्याप्रमाणे, तेथील भारतीय फौजही निघून गेली.

करार पाळला जातो की नाही हे पाहणे, आणि जे दिसेल ते दिल्लीला कळविणे, हे त्यांचे काम. न पाळल्याच्या खुणा लवकरच दिसू लागल्या. हैदराबाद सरकारने भारतीय रुपयाच्या, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या भाषेत कलदारच्या, चलनावर बंदी घातली. हाली सिक्का तेवढा चालणार होता. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात बाजार करणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही! पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचेही उघड झाले. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक विमानाने शस्त्रे आणू लागला. रझाकारांचे अत्याचार तर रोजचेच झाले होते.

पण निजाम सरकारच्याही तक्रारी होत्या. भारताने आर्थिक नाकेबंदी केली आहे आणि सरहद्दीवरील छावण्यांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते हल्ले करतात, असे पंतप्रधान मीर लायक अली यांचे म्हणणे होते. छावण्या होत्या हे खरे आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली, ती याच लढ्यासाठी.

आमच्या मते या कराराचे दुबळेपण येथे आहे. त्याच काळात इंडोनेशियात डच व स्वातंत्र्यसैनिक यांच्यात १७ जानेवारी १९४८ रोजी युद्धबंदी झाली. तिच्यावर लक्ष ठेवण्यास संयुक्त राष्ट्रांची त्रयस्थ समिती होती. (ती युद्धबंदीही डचांनी त्याच डिसेंबरात मोडली, हा भाग वेगळा.) हैदराबादेत त्रयस्थ कोणीच नव्हता. मुन्शीजी पाहणारेही होते आणि एका पक्षाचे वकीलही. अखंड हिंदुस्थानचा पुरस्कार करणारा हा लेखक आपल्याकडे निष्पक्ष नजरेने पाहील, यावर निजाम सरकारचा विश्वास बसला नाही. प्रकरण लवादापुढे कधी गेलेच नाही.

जूनमध्ये माउंटबॅटन यांच्या शेवटच्या वाटाघाटी फिसकटल्या. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ते एक निर्भय मुसलमान पत्रकार होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, तेव्हा मुन्शीजींना नजरकैदेत ठेवले गेले. १७ सप्टेंबरला लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि निजामाने याच कैद्याला सल्ल्यासाठी बोलाविले. त्याच दिवशी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. करार संपायला अजून दोन महिन्यांहून अधिक अवधी होता.

मुन्शीजींचे काम येथे संपले आणि ते परतले. पण पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर जे घडले त्यावर लक्ष ठेवायला बोलारमला कोणी उरले नव्हते. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपल्या शेजारचा नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त पोळले. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आलाच नाही.

मुन्शीजी पुढे १९५२ ते १९५७ उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. हैदराबादच्या आठवणींचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५७ साली निघाले. पाकिस्तानात निघून गेलेल्या लायक अलींनीही नंतर आपली बाजू लिहिली. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर एकच करार दोन वेगळे करार वाटतात. ८ फेब्रुवारी १९७१ रोजी मुंबईत मुन्शीजींचे निधन झाले.