पंडिता रमाबाई

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान होते. त्या काळी स्त्रियांना संस्कृत शिकवत नसत. अनंतशास्त्र्यांनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लोकांनी जाब विचारला, तेव्हा त्यांनी उडुपीच्या सभेत शास्त्रांचेच आधार दाखवले. पुढे लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवले. ग्रंथात काय लिहिले आहे ते स्वतः वाचून पाहावे, ही सवय रमेला घरातच लागली.

दुष्काळात आईवडील वारले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' ही पदवी दिली. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ मध्ये रमाबाई शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण लवकरच एक मोठा वाद उभा राहिला.

येशू ख्रिस्तांच्या पहिल्या शिष्यांना प्रेषित म्हणतात. उर्दूत त्यांना हवारी म्हणतात. प्रेषितांचा अधिकार एकाकडून दुसऱ्याकडे जात आजच्या बिशपांपर्यंत आला आहे, असे कॅथॉलिक लोक मानतात. म्हणून बायबलचा अर्थ लावताना ते चर्चची परंपराही प्रमाण मानतात. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी चर्चच्या काही प्रथांना विरोध केला. त्यातून प्रोटेस्टंट पंथ निघाले. त्यांच्या मते श्रद्धेचा शेवटचा आधार बायबल हाच होय. इंग्लंडचे चर्च १५३४ मध्ये पोपपासून वेगळे झाले, पण बिशपांची परंपरा त्याने सोडली नाही. वाँटेजच्या भगिनी ही परंपरा फार मानत.

रमाबाईंना तरुण मुलांना शिकवण्याचे काम द्यावे, असे ठरत होते. हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास हरकत घेतली. हे रमाबाईंना पटले नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद झाला. एकट्या माणसाची वाचताना चूक होऊ शकते, म्हणून चर्चचे ऐकावे, असे सिस्टरांचे म्हणणे होते. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण नुकत्याच सुटलो आहोत, आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे रमाबाईंचे उत्तर होते. बायबल त्या मानत, पण त्याचा अर्थ स्वतः समजून घेण्याचा हक्क सोडण्यास त्या तयार नव्हत्या. मत कोणीच बदलले नाही, पण दोघींचा स्नेहही तुटला नाही. सिस्टरांनी ती सारी पत्रे जपून ठेवली. १९७७ मध्ये ती महाराष्ट्रात पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना व स्त्रियांना तेथे आसरा मिळाला.

त्या वेळचे मराठी बायबल रमाबाईंना फार संस्कृतप्रचुर वाटे. साध्या बायकांना ते समजत नसे. मग उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व त्यांनी स्वतः सोप्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत. १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरीही काम थांबले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले.

वडिलांनी एका स्त्रीच्या हाती ग्रंथ दिला होता. लेकीने तो हजारो स्त्रियांच्या हाती दिला.

स्वाध्याय
१. अनंतशास्त्र्यांनी उडुपीच्या सभेत काय केले?
२. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांची मते कोणती होती? दोन्ही बाजू आपल्या शब्दांत लिहा.
३. मतभेद असूनही स्नेह कसा टिकतो? आपल्या अनुभवातील एक प्रसंग सांगा.