चुंबकत्व राहते कोठे?

टेबलावरचे चुंबक कोठे आहे, हे बोट दाखवून सांगता येते. त्याचे चुंबकत्व कोठे आहे? शाळकरी मुलगा अर्थातच चुंबकाकडेच बोट दाखवील. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक गणितीही फारसे निराळे उत्तर देत नव्हते. निराळे उत्तर देण्याचे धाडस ज्याने केले, त्या मायकेल फॅरडेला उच्च गणित येत नव्हते.

लंडनजवळ एका लोहाराच्या घरी १७९१ साली तो जन्मला. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचून शिकला. हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची टिपणे स्वतः बांधून त्याने डेव्हीकडे धाडली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची जागा मिळाली. त्याचा १८३१ मधील विद्युत्प्रवर्तनाचा शोध सर्वश्रुतच आहे.

पण त्याचे खरे मोठेपण, आमच्या मते, त्यापुढील हट्टात आहे. न्यूटनच्या परंपरेतील विद्वानांना दोन पदार्थ, त्यांमधील अंतर आणि एक सूत्र एवढे पुरे होई. मधली जागा त्यांच्या लेखी रिकामी. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला की कण वक्र रेषांत मांडले जातात. कीस नसतानाही तेथे काहीतरी असलेच पाहिजे, ही गोष्ट फॅरडेच्या मनाने घेतली. या बलरेषा केवळ आकृती नव्हेत, अवकाशात त्यांना भौतिक अस्तित्व आहे, ही बाजू त्याने १८५२ मध्ये मांडली. राजज्योतिषी एअरीला ही कल्पना अगदीच संदिग्ध वाटली.

गणित न येणे हे येथे वरदान ठरले काय? क्षणभर तसे वाटते खरे. पण जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्या रेषांना गणिताची भाषा दिली नसती, तर त्या बहुधा कागदावरच राहिल्या असत्या. ऊर्जा केवळ पदार्थात नव्हे, भोवतालच्या क्षेत्रातही असते, असे मॅक्सवेलने १८६५ च्या निबंधात प्रतिपादिले. फॅरडे १८६७ मध्ये वारला. पुढे १८८८ पर्यंत हर्ट्झने विद्युत्चुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. अशा लहरीला इकडून तिकडे पोहोचण्यास वेळ लागतो. एकीकडून निघालेली आणि दुसरीकडे न पोहोचलेली ऊर्जा तेवढा वेळ असते कोठे? मधल्या जागेतच, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही.

गुरुत्वाकर्षणाने मात्र फॅरडेला दाद दिली नाही. वजने उंचावरून सोडल्यास त्यातून वीज उपजते काय, हे तो उतारवयातही तपासत होता. हाती काही लागले नाही. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतातही गुरुत्वीय ऊर्जा अमुक बिंदूपाशी अमुक इतकी, असे निःसंदिग्धपणे सांगता येत नाही.