बांडगूळ नव्हे, बाशिंग!

पावसाळी ट्रेकला घाटात किंवा कोकणात गेलात की आंब्याच्या जुन्या खोडाकडे नीट बघा. तिथं बाशिंग नावाचा नेचा बसलेला दिसेल. अनेकांना ते बांडगूळ वाटतं आणि कोयता चालतो. पण बांडगूळ झाडाचा रस शोषतं, बाशिंग फक्त बसायला जागा घेतं. त्याची बुडाशी असलेली तपकिरी, कोरडी पानं मेलेली म्हणून कुणी उपटू नये. त्यांच्यात पालापाचोळा अडकतो, कुजतो, आणि तीच त्याची माती!

आपल्याकडचे नेचे नीट ओळखून पुस्तकात आणणाऱ्यांत एक पाद्री होते, फादर एथेलबर्ट ब्लॅटर. जन्म १८७७चा, स्वित्झर्लंडमधला. तिशीच्या आत मुंबईला आले, सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले, पुढे तिथलेच प्राचार्य झाले. १९०६ मध्ये तिथं हर्बेरियम सुरू झालं. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. दिसायला रटाळ काम. पण कागदावर चिकटवलेल्या पानाशेजारी ते कुठं आणि कधी मिळालं, ही नोंद असते. १९२२ मध्ये जे. एफ. डी'आल्मेडा यांच्यासोबत त्यांनी मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर पुस्तक काढलं. ते १९३४ मध्ये पुण्यात वारले. मॅककॅन यांच्यासोबतचं गवतांवरचं पुस्तक त्यांच्यामागे, १९३५ला आलं.

आता किल्लारीचं काय? सहलीतून उपटून आणलेलं बाशिंग इथल्या कडुनिंबाला बांधलंत, तर उन्हाळ्यात त्याचा कोळसा होणार. घाटातली ओली हवा औसा तालुक्यात कुठून आणणार? अस्सल देशी रोप असलं, तरी ते 'इथलं' होत नाही. म्हणून आधी ब्लॅटर यांच्यासारखी नोंद करा. गावातल्या जुन्या, दगडी विहिरीत काठावरूनच डोकावा. ओलसर सांध्यांत काळ्या देठाचा नाजूक हंसराज दिसला तर फोटो, तारीख, जागा लिहून ठेवा. विहिरीत उतरायचं मात्र नाही हं.

आणि कोकणात ज्यांचं घर आहे त्यांनी वादळात पडलेल्या फांदीवरचं बाशिंग उचलावं. पावसाळ्याच्या सुरुवातीला खडबडीत सालीच्या खोडावर, सावलीच्या बाजूला, काथ्यानं सैलसर बांधावं. मुळं सालीला धरली की काथ्या सोडून टाका.