कात्रजच्या घाटातील जोतीराव

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा जुना रस्ता कात्रजचा घाट चढून ज्या बोगद्यातून पलीकडे उतरतो, त्या बोगद्याच्या कामाशी महात्मा जोतीराव फुले यांचे नाव जोडलेले आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. पाठ्यपुस्तकांतून जोतीराव भेटतात ते १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणारे आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापणारे सुधारक म्हणून. ‘पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’चे चालक म्हणून दगड, चुना आणि मजुरी यांच्या हिशेबात गढलेले जोतीराव चरित्रग्रंथांत आहेत, लोकस्मृतीत मात्र नाहीत. ही उपेक्षा किरकोळ नव्हे. विषमतेचे त्यांनी जे निदान केले, त्याचा एक पाय ग्रंथांत होता, तर दुसरा अशाच बांधकामांवर.

त्यांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यात आल्यावर फुलांच्या व्यवसायावरून फुले हे आडनाव पडले. वडील गोविंदराव यांनी मुलाला एकदा शाळेतून काढून मळ्यात घातले होते. गफार बेग मुनशी व लिजिट या दोन शेजाऱ्यांनी त्यांचे मन वळविले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान, टॉमस पेनच्या ग्रंथाचे वाचन, सावित्रीबाईंची साथ हा पुढचा भाग सर्वश्रुतच आहे.

ठेकेदारीचा भाग तसा नाही. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याच्या धरणाशी निगडित कामे अशा सरकारी बांधकामांत त्यांच्या कंपनीचा हात होता. इंग्रज अधिकारी मंजुरी देई, कनिष्ठ नोकरवर्ग कागद रंगवी आणि डोंगर फोडणारा माणूस मात्र बहुधा गावात पीक बुडाल्यामुळे कामावर आलेला कुणबी किंवा महार-मांग असे. वर मंजूर झालेला पैसा खाली पोचेपर्यंत कसा झिरपतो, हे जोतीरावांना कोणी सांगावे लागले नाही. इंजिनीअर खात्यातील या कारभारावर त्यांनी पुढे पवाडाच रचला. स्वतः ठेकेदार असलेल्या गृहस्थाने, ज्या खात्याकडून कामे मिळतात त्याच खात्याचे वाभाडे काढावेत, हे आजही विरळाच म्हणावे लागेल.

कात्रजचा आणि पुण्यातील विषमतेचा संबंध याहूनही जुना आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला तलाव बांधून भूमिगत नळाने पाणी शहरात आणले गेले. उताराच्या बळावर मैलोगणती पाणी वाहून नेणारी ती योजना स्थापत्याच्या दृष्टीने अप्रतिम होती. शहरातील हौद त्या पाण्याने भरत. परंतु पाण्याला डोंगरापासून वाड्यापर्यंत आणणे शक्य झाले, तरी हौदाच्या काठापासून अस्पृश्याच्या घागरीपर्यंतचे दोन हातांचे अंतर मात्र समाजाला ओलांडता आले नाही. ते जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून ओलांडले. या कृतीकडे भूतदया म्हणून पाहिले जाते, ते चूक आहे. पाणी निसर्गाचे असले तरी ते कोणाला मिळावे हे माणसे ठरवितात, आणि त्या ठरविण्यातच जातीची सत्ता साठलेली असते, हे त्यांनी ओळखले होते.

१८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात हीच दृष्टी शेत, रान आणि डोंगर यांच्याकडे वळलेली दिसते. जंगलखात्याने गायराने व डोंगर ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्यांची जनावरे उपाशी मरू लागली, हा त्यांचा आक्षेप होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर खाली येऊन शेताला खत होतो, आणि तो ओघ तुटला की जमीन निकस होते, हे त्यांनी मांडले. पाण्याबरोबर माती वाहून जाऊ नये आणि पाणी मुरावे म्हणून जागोजाग बंधारे घालावेत, त्या कामी लष्कर व पोलीस खात्यातील रिकामे हात लावावेत, असा उपाय त्यांनी सुचविला. कालव्याचे पाणी प्रत्येक शेतकऱ्याला वाट्याप्रमाणे तोटीने मिळावे, असेही त्यांचे म्हणणे होते. मांजरी येथे त्यांची स्वतःची शेती होती. ही सूचना ऐकीव नव्हती. पर्यावरण हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधी, डोंगराची हानी प्रथम कोणाच्या ताटातून वजा होते, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. (२०१३ च्या जूनमध्ये याच कात्रज घाटापलीकडे, शिंदेवाडीजवळ, फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात एक माता आणि तिची चिमुरडी वाहून गेली, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर अजून शिल्लक असल्याचे दिसले.)

नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, हे त्यांचे मत. पुढे भव्य मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. त्याच मंडईला पुढे त्यांचे नाव मिळाले. पुण्याला अशा विनोदांचे वावडे कधीच नव्हते.

वृत्तपत्रसृष्टीशी जोतीरावांचे नाते सुखाचे नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने त्यांच्या भाषेची व्याकरणाच्या काठीने झोडपणी केली, आशयाचा प्रतिवाद त्या मानाने कमीच झाला. असे असूनही १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला उभा राहिला, तेव्हा दहा हजारांच्या जामिनासाठी रामशेट उरवणे पुढे आले ते जोतीरावांच्या शब्दाखातर. मुद्रणाची साधने मूठभरांच्या हाती असताना कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढले. पुढे ते मुंबईहून नारायण मेघाजी लोखंडे चालवू लागले. लोखंडे स्वतः सत्यशोधक आणि गिरणी कामगारांचे कैवारी. तथापि ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे छापल्यावर मजकुराची प्रखरता पाहून त्यांनी हात आखडता घेतला. विरोधकांच्या पत्रांनी दार लावणे अपेक्षितच होते. आपल्याच माणसाने लावलेले दार जोतीरावांना अधिक झोंबले, आणि त्यांनी ते लपविले नाही.

छापखाना मिळेना तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी हे लिखाण लोकांसमोर वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत ते कानांवाटे पोचले. १८८८ मध्ये अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘असूड’ संपूर्ण पुस्तकरूपात निघालेला नव्हता.