‘प्रभात’च्या फाटकावरील शांता आपटे

‘प्रभात’ फिल्म कंपनीचा विषय निघाला की मराठी माणसाच्या लेखणीला कौतुकाची शाई आपोआप चढते. हे कौतुक बव्हंशी रास्त आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या या संस्थेने बोलपटाला प्रतिष्ठा मिळवून दिली, मध्यमवर्गीय कुटुंबांना चित्रपटगृहाची वाट दाखविली आणि ‘संत तुकाराम’ने तर १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळविला. मात्र याच कंपनीच्या पुण्यातील फाटकावर जुलै १९३९ मध्ये तिचीच आघाडीची अभिनेत्री अन्नत्याग करून बसली होती, ही गोष्ट सांगावयाची वेळ आली की आपला सूर बदलतो. नटीचा लहरीपणा, बाईचा हट्ट, असे काहीतरी म्हणून त्या प्रसंगाची किश्श्यात वासलात लावली जाते. श्रमाचा बाजार हा विषय वर्षानुवर्षे वर्गात शिकविणाऱ्याला मात्र ही वासलात पटत नाही. शांता आपटे यांचे ते उपोषण हा त्यांच्या जीवनातील सर्वांत विचारपूर्वक केलेला व्यवहार होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शांताबाईंचा जन्म १९१६ चा, सोलापूरकडील दुधनीचा. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. घरी गाण्याची आवड होती; पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांनी शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले आणि गणेशोत्सवाच्या मेळाव्यांतून त्या गाऊ लागल्या. थोरले बंधू बाबूराव आपटे यांची त्यांच्या शिक्षणावर व पुढे व्यवसायावरही करडी नजर असे. १९३२ साली भालजी पेंढारकरांनी ‘श्यामसुंदर’ या बोलपटात त्यांना राधेची भूमिका दिली. कृष्ण होते शाहू मोडक. पांढरपेशा घरातील मुलीने तोंडाला रंग लावणे हा त्या वेळी कुलाचाराचा प्रश्न मानला जाई. दुर्गाबाई खोटे यांनी ती कोंडी नुकतीच फोडली होती हे खरे. पण दुर्गाबाईंच्या पाठीशी मुंबईच्या एका सधन घराण्याचे नाव होते, तसे दुधनीच्या स्टेशनमास्तरांच्या मुलीपाशी काही नव्हते. तिच्यापाशी गळा होता, आणि तोच तिचे भांडवल होता.

‘प्रभात’मध्ये त्या आल्या ‘अमृतमंथन’च्या निमित्ताने, १९३४ साली. तेथे संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे यांच्या हाताखाली त्यांच्या गाण्याला वेगळेच वळण लागले. तोपर्यंत बोलपटातील गाणे म्हणजे बहुधा संगीत नाटकाचीच नक्कल असे. पात्र एका जागी उभे राहून पद म्हणे आणि कॅमेराही तितकाच निश्चल राही. शांताबाई गाताना डोळ्यांनी बोलत, हात मोकळे सोडत, मान वेळावत. आज यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र गाणे व अभिनय ही दोन स्वतंत्र खाती होती आणि ती एकत्र करण्याचे श्रेय ज्या थोड्या कलावंतांकडे जाते त्यांत शांताबाईंचे नाव फार वर आहे. १९३६ मध्ये ‘अमरज्योती’ आणि ‘राजपूत रमणी’ आले. पण ज्या एका भूमिकेमुळे त्यांचे नाव घराघरांत पोहोचले ती १९३७ सालच्या ‘कुंकू’तील नीरा.

‘कुंकू’ची कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली आहे. पोरकी नीरा मामाच्या आश्रयाला असते. मामा पैसे घेऊन तिला एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. हे लग्न झाले असले तरी आपण ते मानीत नाही, अशी तिची भूमिका. त्या घरात ती राहते, पण काकासाहेबांची पत्नी म्हणून राहण्यास ठाम नकार देते. सावत्र मुलगा वेडेवाकडे वागू पाहतो तेव्हा ती त्याला छडीने फोडून काढते. केशवराव दाते यांनी उभे केलेले काकासाहेब हे खलपुरुष नाहीत, सुशिक्षित आणि एरवी सुधारणावादी गृहस्थ आहेत, हेच या चित्रपटाचे बळ होय. संततिनियमनाच्या कार्यात पुढे असलेल्या शकुंतला परांजपे यांनी त्यांच्या विधवा मुलीची भूमिका केली होती. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वर्ज्य करून जे आवाज प्रसंगात प्रत्यक्ष उमटतील तेवढेच ठेवले. लाँगफेलो या अमेरिकन कवीचे एक इंग्रजी काव्य नीरेच्या तोंडी घातले होते, तेही शांताबाई आत्मविश्वासाने गाऊन गेल्या. वयाची एकविशी त्यांनी तेव्हा कोठे गाठली होती. हिंदीत हाच चित्रपट ‘दुनिया न माने’ या नावाने देशभर गेला.

अर्थशास्त्राच्या चष्म्यातून पाहिले तर नीरेची तक्रार साधी आहे. सौदा तिचा, पण तो केला दुसऱ्यांनी. किंमत मिळाली ती मामाला. आणि तिची संमती कोणी विचारलीच नाही. तेव्हा तो करार आपल्यावर बंधनकारक नाही. महाराष्ट्रातील सुशिक्षित प्रेक्षकाने या युक्तिवादाला टाळ्या दिल्या. दोनच वर्षांनी तीच अभिनेत्री आपल्या स्वतःच्या कराराविषयी बोलू लागली तेव्हा टाळ्या वाजविणारे हात बरेच कमी झाले होते.

त्या काळच्या चित्रपट कंपन्यांची रचना येथे ध्यानी घेतली पाहिजे. नट, लेखक, संगीतकार, सुतार, रंगारी सारे मासिक पगारावर. ‘प्रभात’मध्ये शिस्त होती, तालमी होत, कामाला प्रतिष्ठा होती, कित्येक लहानसहान कंपन्यांच्या मानाने तेथील नोकरी ही भाग्याची गोष्ट होती. पण करारबद्ध कलावंताला बाहेर काम करण्याची मुभा नसे. कंपनीने काम दिले तर करावयाचे, न दिले तर थांबावयाचे. दोन्ही परिस्थितींत दुसऱ्या दाराशी जावयाचे नाही. एकच खरेदीदार असलेल्या बाजारात विक्रेत्याची जी अवस्था होते तीच येथे श्रम विकणाऱ्याची होई. नटीचे नाव जाहिरातीवर जसजसे मोठे होत जाई तसतसे तिकीटविक्रीचे उत्पन्न वाढे, तिचा पगार मात्र करारात लिहिलेल्या आकड्यापाशी थांबलेला असे. दोहोंमधील अंतर कोणाचे? हा प्रश्न केवळ आपल्याकडे उपस्थित झाला असे नव्हे. हॉलिवूडमध्ये बेटी डेव्हिस यांनी अशाच कराराविरुद्ध बंड केले आणि १९३६ साली लंडनच्या न्यायालयात त्या हरल्या. पुढे १९४४ मध्ये ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड यांनी असाच दावा जिंकून स्टुडिओंची वर्षानुवर्षे कलावंत बांधून ठेवण्याची प्रथा मोडली.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. नीरा ही एकट्या शांता आपटे यांची निर्मिती होती काय? कादंबरी दुसऱ्याची, दिग्दर्शन शांतारामबापूंचे, चाली भोळ्यांच्या, समोर केशवराव दात्यांसारखा नट. कंपनीने पैसा घातला, महिनोन् महिने तालमी करून घेतल्या, आणि चित्रपट पडला असता तर तोटाही तिनेच सोसला असता. ज्यावर खर्च केला ते माणूस नाव झाल्याबरोबर दुसऱ्याच्या दारी गेले तर उद्या कोण कोणाला घडवील, असा प्रश्न मालक विचारी आणि त्यात तथ्य होते. पण गुंतवणूक केली म्हणजे माणसावर मालकी आली, असे मात्र होत नाही. काकासाहेबांनीही पैसे मोजलेच होते.

‘वहां’ आणि १९३८ मध्ये ‘गोपाळकृष्ण’ हे चित्रपट झाले. पुढे करार आणि वेतन यांवरून कंपनीशी बेबनाव विकोपास गेला आणि जुलै १९३९ मध्ये शांताबाईंनी स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण आरंभिले. काळ कोणता होता, हेही पाहावे. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा मोठा संप घडविला होता. मार्च १९३९ मध्ये राजकोटला गांधीजींचे उपोषण झाले होते. संप आणि उपोषण ही दोन्ही शस्त्रे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची होती. गिरणी कामगारांपाशी संघटना होती; चित्रपटातील नटीपाशी ती कोठून असणार? तिने एकटीने काम बंद केले तर तो करारभंग ठरणार. म्हणून तिने जी एकच वस्तू निर्विवाद तिची होती, तिचे शरीर, ते पणाला लावले. कंपनीला ज्या देहाचा व आवाजाचा उपयोग होता तोच देह तिच्या दाराशी क्षीण होत जाणार होता. यात नाट्य नव्हते असे नाही. नाट्य ज्यांचा व्यवसाय त्यांनी ते वापरावे, यात गैर ते काय?

उपोषण फार लांबले नाही आणि ‘प्रभात’शी त्यांचा संबंध संपला. पण त्या तेथे थांबल्या नाहीत. १९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ या नावाचे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. नावावरून कोणाला वाटेल की ही एखाद्या नटीच्या आठवणींची खमंग वही असावी. प्रत्यक्षात तो चित्रधंद्याचा ताळेबंद आहे. सिनेमात जाण्यास उत्सुक असलेल्या तरुण-तरुणींना उद्देशून लिहिताना शांताबाई या व्यवसायाकडे मालक आणि कामगार यांच्या संबंधांतून पाहतात. पडद्यावर चमकणारी नटी आणि पडद्यामागे घाम गाळणारा कामकरी यांना त्या एकाच ओळीत बसवितात, हे विशेष. त्यांचा मुख्य मुद्दा थकव्याचा आहे. यंत्र झिजले तर मालक त्याचा घसारा हिशेबात धरतो. नटाचे शरीर दिवस-रात्र दिव्यांच्या उष्णतेत झिजते, त्याचा घसारा कोणत्या खात्यात लिहिला जातो, असा त्या विवेचनाचा मथितार्थ आपल्या परिभाषेत सांगता येईल. चोविशीतील एका अभिनेत्रीने १९४० साली मराठीत हे मांडावे आणि आमच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तिकडे ढुंकूनही पाहू नये, याची खंत वाटते. अलीकडे, २०२० च्या सुमारास, परदेशी विद्यापीठांतून या पुस्तकाचा गांभीर्याने अभ्यास झाला. आपल्याकडे शांता आपटे म्हटले की अद्यापही ‘कुंकू’ची गाणीच आठवतात.

कंपनीच्या बाहेर पडल्यावर त्यांनी मिळविलेल्या स्वातंत्र्याचा विनियोग पाहण्यासारखा आहे. १९४१ च्या ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्यांनी तमिळ शिकून नायिकेची भूमिका केली. त्यात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बलक्ष्मी होत्या. १९४२ साली देवकी बोस यांचा ‘अपना घर’ आणि लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’. मद्रास, मुंबई, लाहोर या तीनही केंद्रांत आपल्या अटींवर काम केलेल्या मराठी अभिनेत्री त्या वेळी कितीशा होत्या? १९४६ सालच्या मास्टर विनायकांच्या ‘सुभद्रा’त त्यांच्यासमवेत एक किशोरवयीन मुलगी गायिली, ती लता मंगेशकर. पार्श्वगायनाचे युग सुरू झाले होते. गळा एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा ही विभागणी रूढ होऊ लागली आणि ज्यांच्या ठायी दोन्ही होते त्यांची बाजारातील दुर्मिळता संपली.

उत्तरार्धाविषयी मात्र हात राखून बोलण्याचे कारण नाही. ‘वाल्मीकि’, ‘मंदिर’, ‘शिलंगणाचे सोने’ असे चित्रपट होत राहिले, पुढे पौराणिक चित्रपटांतील कामेही त्यांनी केली. पण नीरेच्या तोलाची भूमिका पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. ‘प्रभात’ने बंधन घातले होते तसे लेखक, दिग्दर्शक आणि तालमीही दिल्या होत्या. खुल्या बाजारात त्या कोणी देत नव्हते. युद्धकाळात सट्ट्याचा पैसा या धंद्यात शिरला, एका चित्रपटापुरते निर्माते उदंड झाले आणि जुन्या कंपन्या मोडीत निघाल्या; ‘प्रभात’ही १९५३ साली बंद पडली. मोठ्या नटांनी या नव्या व्यवस्थेत भरपूर कमाई केली. मधल्या फळीतील कलावंतांचा मासिक पगार मात्र गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. ‘माणूस’मधील मैनेची भूमिका अजरामर करणाऱ्या शांता हुबळीकर यांना उतारवयात वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागला, हे वाचकांना ठाऊक असेलच. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला खरा. परंतु चित्रपटागणिक नवा मालक असणाऱ्या नटाच्या नावे तो निधी जमा करणार कोण?

शांताबाईंचे मुंबईत अंधेरी येथे २४ फेब्रुवारी १९६४ रोजी निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. ज्या फाटकाशी त्या उपोषणास बसल्या होत्या त्याच्या आत तोवर सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू होऊन चार वर्षे लोटली होती. पुढे २०१५ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी १३९ दिवसांचा संप केला. चित्रपट कामगारांना लेखी करारावाचून कामावर ठेवता येणार नाही, असे सांगणारा कायदा संसदेने १९८१ साली केला. त्या वेळी ‘जाऊ मी सिनेमात?’ प्रसिद्ध होऊन एक्केचाळीस वर्षे झाली होती.