गंज पेठेतील उघडे दार

पुणे शहराच्या जुन्या पेठांपैकी गंज पेठ ही कष्टकरी लोकांची वस्ती. शनिवारवाड्यासारखे वैभव या पेठेच्या वाट्याला कधी आले नाही. परंतु याच पेठेतील एका कौलारू घरासमोर आज दूरदूरचे लोक नतमस्तक होतात. लाकडी खांबांचे, लहानशा अंगणाचे ते घर म्हणजे फुलेवाडा. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांचा संसार येथे झाला.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे त्यांना फुले हे आडनाव मिळाले. आई चिमणाबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. माळ्याच्या मुलाला शिक्षण कशाला हवे, असे म्हणणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. त्यामुळे जोतीरावांची शाळा मध्येच सुटली आणि ते बागेत राबू लागले. परंतु गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन सज्जनांनी मुलाची बुद्धी ओळखली व वडिलांचे मन वळविले. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले.

विद्येची गोडी लागल्यावर ती आपल्यापुरती ठेवणे त्यांना रुचले नाही. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. बाहेरची शिक्षिका मिळणे कठीण होते, म्हणून त्यांनी सावित्रीबाईंना घरीच शिकविले. त्या शाळेत जाऊ लागल्या, तेव्हा लोकांनी त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला. तरीही त्या डगमगल्या नाहीत.

समाजाचा रोष गोविंदरावांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला. शाळा सोड, नाहीतर घर सोड, असा पेच त्यांनी मुलापुढे टाकला. वडिलांचे मन कठोर नव्हते, परंतु लोकनिंदेचे भय त्यांना सोसवेना. जोतीरावांनी शाळा सोडली नाही. १८४९ मध्ये नेसत्या वस्त्रांनिशी पतिपत्नी घराबाहेर पडली. अशा वेळी उस्मान शेख या स्नेह्याने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. त्यांच्याच घरातील फातिमा शेख पुढे सावित्रीबाईंबरोबर अध्यापन करू लागल्या.

आपल्यासमोर दार बंद होणे म्हणजे काय, याचा अनुभव जोतीरावांना असा तरुणपणीच आला. काही माणसे असा अनुभव आल्यावर कडवट होतात. जोतीरावांनी मात्र गंज पेठेतील आपल्या घराचे दार आयुष्यभर उघडे ठेवले.

दिवसा राबणाऱ्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना शाळेत जाण्याची सवड कोठून मिळणार? त्यांच्यासाठी १८५५ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरीच रात्रीची शाळा उघडली. पुढच्या वर्षी त्यांच्या जीवावर उठलेले दोन मारेकरी रात्री घरात शिरले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पैशाच्या लोभाने आपण आलो, हे त्या दोघांनी कबूल केले. माझ्या मरणाने तुम्हा गरिबांचे भले होणार असेल तर खुशाल घाव घाला, अशा अर्थाचे उत्तर जोतीरावांनी शांतपणे दिले. त्या दोघांच्या हातांतील शस्त्रे गळून पडली. पुढे ते दोघेही जोतीरावांचे अनुयायी झाले.

त्या काळी उच्च मानलेल्या जातींत विधवांचा पुनर्विवाह होत नसे. फसलेल्या विधवेला समाज थारा देत नसे. अशा स्त्रियांना आत्महत्या किंवा बालहत्या यांवाचून मार्ग दिसत नसे. १८६३ मध्ये जोतीरावांनी आपल्या घराच्या परिसरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. कोणत्याही विधवेने येथे येऊन निर्भयपणे प्रसूत व्हावे, अशी सोय केली. १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथे आश्रयाला आल्या. आई होऊन त्यांची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तोच त्यांचा यशवंत होय.

घराजवळ पाण्याचा हौद होता. अस्पृश्य मानलेल्या लोकांना तेव्हा सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे. भर उन्हात ओंजळभर पाण्यासाठी त्यांना याचना करावी लागे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपला हौद त्यांच्यासाठी खुला केला. आज हे साधे वाटते. पण त्या काळी जातिबांधवांचा बहिष्कार ओढवून घेण्याइतके ते मोठे धाडस होते.

हे सारे करीत असताना लेखणीही थांबली नव्हती. ‘तृतीय रत्न’ हे नाटक, शिवरायांवरील पोवाडा, ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांतून त्यांनी दीनदुबळ्यांची बाजू मांडली. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८८८ मध्ये मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा अखेरचा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी या घरातच त्यांचे निधन झाले. घराच्या मागे आपला देह मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने वस्तीत दफन करण्यास परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याचा मान कोणाचा, यावरून नातलगांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या. नंतर जोतीरावांच्या अस्थी घराच्या मागील जागेत ठेवण्यात आल्या. तेथे त्यांची समाधी आहे.

सात वर्षांनी पुण्यात प्लेगची साथ आली. डॉक्टर झालेल्या यशवंताच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत होत्या. तेथेच त्यांना रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे हे घर परक्या हाती गेले. परंतु लोकांनी त्याची आठवण पुसू दिली नाही. राज्य शासनाने ते संरक्षित स्मारक म्हणून जतन केले आणि पेठेलाही महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

मोठमोठे वाडे आपल्या धन्याचे ऐश्वर्य सांगतात. गंज पेठेतील हे घर मात्र त्याच्या दारातून आत आलेल्यांची कथा सांगते. अक्षर शिकायला आलेला मजूर, आसऱ्याला आलेली विधवा आणि पाण्याचा घडा भरून नेणारा तहानलेला माणूस, हेच या घराचे खरे वैभव होय.