चिमाजीअप्पा : शब्द देणारा व शब्द पाळणारा सेनापती

जव्हार-मोखाड्याचे डोंगर उतरून समुद्राकडे गेले म्हणजे पुढे दक्षिणेस वसईचा कोट लागतो. जामसरच्या मंडळीस तो दूरचा वाटेल. तथापि आज जामसर व वसई ही एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. त्या कोटापुढे एका सेनापतीने काढलेल्या उद्गारांची कथा मराठी मुलखात अद्याप सांगितली जाते.

चिमाजीअप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे धाकटे पुत्र व थोरल्या बाजीरावांचे बंधू. त्यांची प्रकृती नाजूक होती; परंतु निश्चय दृढ होता. वसई प्रांतात १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या अमलात हिंदू रयतेवर धर्माच्या बाबतीत जुलूम झाला, म्हणून अणजूरचे गंगाजी नाईक आदींनी पेशव्यांकडे दाद मागितली. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांच्या हातून तो जुलूम झाला, ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी झाकून ठेवू नये. बळजबरीने कोणाचे अंतःकरण प्रभूकडे वळत नाही.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. १७३९ च्या आरंभी माहीम व तारापूर पडले, आणि फेब्रुवारीत वसईस वेढा पडला. कोटाच्या तिन्ही अंगांस पाणी, चौथ्या अंगास भक्कम तट व बुरूज. तोफांचा मारा व सुरुंगांचे काम चालू असता तीन महिने निघून गेले. माणसे पडत होती, पावसाळा जवळ येत होता, आणि सैन्याचा धीर खचू लागला.

त्या वेळी अप्पांनी सरदारांस जवळ बोलावले, अशी आख्यायिका आहे. कोट घेणे त्यांस साधत नसेल तर त्यांनी आपणांस तोफेच्या तोंडी द्यावे, म्हणजे निदान आपले मस्तक तरी कोटात जाऊन पडेल, असे ते म्हणाले. त्यांनी बक्षिसाचा लोभ दाखविला नाही, की शिक्षेचे भय घातले नाही. प्रथम स्वतःचाच प्राण पुढे केला. ते ऐकून लोकांस नवा हुरूप आला.

मे महिन्याच्या आरंभी सुरुंग उडून तटास खिंडार पडले. एक सुरुंग उशिरा उडाला व हल्ला करणारेच त्यात सापडले. तरी मागचे लोक पुढे येतच राहिले. ह्या वेढ्यात मराठ्यांकडील हजारो माणसे मेली वा जखमी झाली. सेनापतीच्या शब्दाची किंमत शिपाई रक्ताने देतो, हे त्या शब्दाची थोरवी गाताना विसरू नये.

शेवटी पोर्तुगीजांनी तहाचे बोलणे लाविले. इतकी माणसे गमावलेल्या सैन्याच्या मनात सूड येणे साहजिक होते. परंतु अप्पांनी शत्रूच्या शिबंदीस हत्यारांसह मानाने निघून जाण्याची मुभा दिली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी काही देवळे राखण्याचेही तहात मान्य केले. ठरल्याप्रमाणे शिबंदी सुखरूप बाहेर पडली. वसईत ख्रिस्ती वस्ती आजही आहे. पुढल्याच वर्षी, १७४० च्या डिसेंबरात, पस्तिशी गाठण्यापूर्वीच अप्पांचा अंत झाला.

बंधूंनो, युद्धापूर्वीचा शब्द सैन्यास उठवितो. परंतु तो शब्द खरा की पोकळ, हे विजयानंतर कळते. गिदोनानेही आपल्या ३०० माणसांस आपल्याकडे पाहून आपण करू तसेच करण्यास सांगितले होते. आपल्या पाड्यांतील उपदेशकांस हाच नियम लागू आहे. देणगी मागणाऱ्याने प्रथम आपली मूठ उघडावी. दारू सोडा म्हणणाऱ्याचे घर प्रथम शुद्ध असावे. आणि ज्याच्याशी भांडण झाले, त्यास दिलेले वचनही पाळावे. असे ज्याचे आचरण असेल, त्याचे चार साधे शब्दही मंडळीस उभे करतील.